चार मिलिमीटर

बेसा गावात रुख्माबाईंच्या अंगणात आमचा एक खांब आहे. त्यावरची अँटेना उपग्रहांचे संदेश टिपते आणि पायाखालची जमीन किती सरकली ते आम्हाला कळतं. देखभाल माझ्याकडे, म्हणजे कागदोपत्री. सहा वर्षं तिथून शेळ्या आणि पतंगवाली पोरं हाकलली ती रुख्माबाईंनी.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात. मी स्टुलावर चढून अँटेना काढली, पुसली, हळदकुंकू वाहिलं. परत बसवताना तिच्यावरची खूण बरोबर उत्तरेला आणावी लागते, नाहीतर न हललेली जमीनही सरकलेली दिसते. ते माझ्याकडून राहिलं.

आठवड्याने दूर कुठेतरी भूकंप झाला. मी आलेख उघडला, तर बेसा चार मिलिमीटर सरकलेलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! ती उडी नेमकी कुठल्या तारखेची हेही न बघता मी रामदासपेठेतल्या ऑफिसात आमच्या प्रमुख मधुवंती मॅडमना सांगून मोकळा झालो. त्यांनी ते वर कळवलं.

आसपासच्या एकाही केंद्रावर काही हललेलं नव्हतं. मॅडम स्वतः बेसाला आल्या. अँटेनाच्या आट्यांत कुंकू सापडलं.

"कोणी हात लावला?"

जानेवारीत माझं कंत्राट संपणार होतं. "आजींनी पूजा केली असेल," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मला बोलता येतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

रुख्माबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "हो बाई, मीच केली. चुकलं."

खांब इथून हलवा, असं सांगून मॅडम गेल्या. तिसऱ्या दिवशी मी खांब काढायला पाने-पक्कड घेऊन पोचलो, तर रुख्माबाईंनी चहा आणला.

"तुह्या नोकरीले काही झालं नाही ना गा?"

मी कप तसाच खाली ठेवला. त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आजींचा हात तिथवर पोचतो का, संजीव?" मॅडम म्हणाल्या. "दोन दिवस तुझ्या फोनची वाट पाहत होते. खांब राहू दे तिथेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवला तरी मान वर होईना.

"गेली का नोकरी?" रुख्माबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग रडून काहून राहिला?"

"तुमच्यावर ढकललं म्हणून."

त्यांनी माझ्यापुढचा गार झालेला चहा उचलला.

"ते तं लागलंच मले," म्हणाल्या, आणि आत गेल्या.