सहा इंची कट्यार

आबासाहेबांना कायदा कळतो, असं बरकतपुऱ्यात फक्त एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द आबासाहेब. त्यांची थोरली बहीण इंदुताई नवरा गेल्यापासून, म्हणजे गेली चौतीस वर्षं, याच घरात राहत होत्या आणि हा कायदा त्यांनी रोज ऐकला होता. पाटबंधारे खात्यात जावक टपालावर शिक्के मारता मारता निवृत्त झालेला हा माणूस 'कलम' म्हणताना अशी मान उंचावायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, चांगली चाललेली वकिली सोडूनच हा शिक्क्यांकडे वळला.

मुलाचं, हर्षवर्धनचं, लग्न पुण्याला ठरलं आणि आबासाहेबांच्या अंगात आलं. हळद हैदराबादेत, लग्न पुण्यात, आणि नवरदेव विमानाने. शेवटचा शब्द त्यांनी दूधवाल्यालाही दोनदा ऐकवला. बाकीच्या वऱ्हाडाला बस होती. विमानात चौघंच: आबासाहेब, त्यांची बायको त्रिवेणी, नवरदेव आणि इंदुताई. इंदुताईंचं तिकीट हर्षूने स्वतः काढलं होतं. "आत्या, तुला विंडो सीट घेतलीय," असं तो म्हणाला तेव्हा त्या न्हाणीघरात जाऊन डोळे पुसून आल्या. त्रिवेणी बँकेत जायची, त्यामुळे त्या पोराला न्हाऊमाखू घालण्यापासून दहावीच्या गणितापर्यंत सगळं इंदुताईंनीच केलं होतं.

अडचण कट्यारीची होती. यांच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून, आणि अक्षता पडेपर्यंत ती त्याने हातातून सोडायची नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाखाली. अशा नवरदेवाला विमानात बसवायचं कसं, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला तिकीट काढण्याआधी पडला असता. आबासाहेबांना तो नंतर पडला, आणि पडल्याचा त्यांना आनंदच झाला, कारण आता अभ्यास करता येणार होता.

महिनाभर अभ्यास चालला. अफझलगंजला सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात ते इंदुताईंना पिशवी धरायला घेऊन गेले. दुकानदाराने सांगितलं, "नौ इंच से लंबी हुई तो लैसन होना साब. वो बी हर गाँव में नई, जहाँ सरकार बोली वहाँइच." एवढ्या लायसन्सवर आबासाहेबांनी परतीच्या वाटेवर पाऊण तास व्याख्यान दिलं. मेट्रोत चालत नाही, बसमध्ये कोणी विचारत नाही, कोर्टाच्या दारात काढून घेतात, एका जिल्ह्यात गुन्हा तर शेजारच्या जिल्ह्यात भाजी चिरायची वस्तू. गौलीगुड्यात एक गाडीवाला हातभर सुरीने पपई कापत होता आणि बाजूला हवालदार तीच पपई खात उभा होता.

"याला कुठलं कलम?" इंदुताईंनी विचारलं.

"तो धंद्याचा उपयोग. तुला नाही कळायचं अक्का."

शेवटी एका सकाळी फोन नाचवत आबासाहेब स्वयंपाकघरात आले. देशातल्या देशात उडणाऱ्या विमानात सहा इंची पात्याला परवानगी आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्याच दिवशी सहा इंची कट्यार आली. हर्षूच्या शाळेतल्या पट्टीने ती तीनदा मोजून झाली. जुनी आजोबांची कट्यार आठ इंची होती म्हणून ती माळ्यावर गेली.

हळदीच्या संध्याकाळी इंदुताईंनी नवं इरकल नेसलं होतं. त्यांची इच्छा एवढीच होती, की हर्षूच्या गालाला एक बोट आपलंही लागावं. घरच्याच हळदीत, घरच्याच पोराला. त्या पुढे झाल्या तशी त्रिवेणी हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा आतलं बघता का? भात लागेल." भात उतरवून तास झाला होता. इंदुताई दाराशीच थांबल्या. मग कट्यार हातात देताना लिंबू सुटून घरंगळलं, ते त्यांच्या पायाशी आलं. त्या वाकल्या, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर आबासाहेब ओरडले, "अक्का, हात नको."

विधवेच्या हाताने कट्यारीचा गुण जातो म्हणे. चौतीस वर्षं त्या हाताच्या भाकरी खाऊन कोणाचा काही गुण गेला नव्हता. इंदुताई आत गेल्या आणि उतरवलेला भात परत बघत बसल्या. हर्षू पाटावरून सगळं पाहत होता. तो काही बोलला नाही, पण नवरदेवाने बोलायचं नसतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लग्नात तरी काहीतरी आपल्या हाताने होईल, ही आशा त्यांनी पुण्यापर्यंत पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाडाची बस गेली आणि दुपारी हे चौघं विमानतळावर पोचले. हर्षू अंगाला हळदीचा वास, पायात महागडे बूट आणि हातात लिंबू टोचलेली कट्यार घेऊन प्रवेशद्वारापाशी उभा राहिला. लोक फोटो काढू लागले. आबासाहेबांना वाटलं, कौतुकाने काढतायत.

"ये अंदर नहीं जाएगा," दारावरचा जवान म्हणाला.

आबासाहेब याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी फोन पुढे केला. "छे इंच है. नियम पढो."

जवानाने नियम वाचला. आबासाहेब आपल्या सोयीच्या शब्दाशी थांबले होते, तो मात्र शेवटपर्यंत गेला, आणि मग त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, "आप सिख हैं?"

ती सवलत शीख प्रवाशांच्या कृपाणासाठी होती. त्यांच्या धर्माचा तो भाग आहे, म्हणून. बरकतपुऱ्यातल्या निवृत्त कारकुनाच्या विमानाच्या हौसेसाठी कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. महिनाभर अभ्यास करून या माणसाने अर्धं वाक्य वाचलं होतं.

"सामान में डालिए, ताला लगाइए, काउंटर पे बताइए," जवान म्हणाला. "हाथ में नहीं."

"सामानात कशी घालणार?" आबासाहेब बायकोकडे वळले. "माणसाच्या हातातून सुटता कामा नये." आपण दोघं बसने गेलो तर आज सीमांतपूजनाला वरमाय-वरबाप नाहीत, आणि नवरदेव बसने गेला तर दूधवाल्याला काय सांगायचं? त्यांची नजर फिरत फिरत इंदुताईंवर येऊन थांबली.

"अक्का, तू असं कर. तू रात्रीच्या बसने ये. कट्यार घेऊन."

"मी? माझ्या हातात?"

"प्रवासात चालतं."

"काल घरात चालत नव्हतं."

"घरचं वेगळं, प्रवासाचं वेगळं. उद्या कार्यालयाच्या दारातच त्रिवेणी तुझ्याकडून घेईल. आत आणू नकोस म्हणजे झालं."

हे सांगताना त्यांना लाजही वाटली नाही. इंदुताईंनाही त्यांच्याबद्दल काही वाटलं नाही. या माणसाकडून त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं. त्या हर्षूकडे वळल्या. "तू सांग रे. काय करू?"

हर्षूने बुटांकडे पाहिलं. "आत्या, प्लीज अ‍ॅडजस्ट कर ना. तुझं तिकीट कॅन्सल करतो मी, टेन्शन नको घेऊस."

याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

त्यांनी हात पुढे केला आणि कट्यार घेतली. टोकाचं लिंबू उपसून आबासाहेबांच्या तळहातावर ठेवलं. "हे धर. लिंबाला कुठेच बंदी नाही." मग तिथेच खाली बसून त्यांनी आपली बॅग उघडली, लग्नात नेसायच्या पैठणीत कट्यार गुंडाळली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"अक्का, सामानात? अपशकून होईल."

"प्रवासात चालतं," इंदुताई म्हणाल्या आणि उठल्या. "हर्षू, ऐक. ही बॅग माझ्या नावावर जाणार आणि मीच सोडवणार. कट्यार हवी असेल तर उद्या मांडवात माझ्यापाशी यायचं. दारात नाही. सगळ्यांच्या देखत हात पुढे करायचा, मी देईन. नको असेल तर पप्पांकडे लिंबू आहे."

हर्षूने बापाकडे पाहिलं. मग बापाच्या हातातल्या लिंबाकडे पाहिलं.

इंदुताईंनी ते पाहणं पाहिलं, आणि उद्याचं उत्तर त्यांना आजच कळलं: पोरगा लिंबूच धरणार. त्यांनी बॅग उचलली, जवानाला तिकीट दाखवलं आणि आत गेल्या.