कुत्र्याचं पान

आमच्या सासूबाईंनी हयातीत कुत्र्याला काठीशिवाय काही दिलं नाही. ती काठी त्यांच्यामागेही दाराआड उभी होती. त्यामुळे चौऱ्याऐंशी साली घरात कुत्र्याचा विषय काढताना मी त्यांच्या फोटोकडे पाठ करून बसले.

"आपली दमयंती लग्न होऊन वैतरण्याला गेली. तुम्ही सकाळी सायकलवर टांग मारता ते दिवेलागणीला येता. मी दिवसभर केळींशी बोलू?"

"केळी उलटून बोलत नाहीत," हे म्हणाले. हे म्हणजे नरहरी, माझे यजमान. बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. घरातही वस्तू आत यायची तर यांच्या परवानगीनं. पण हात धुताना म्हणाले, "आणायचं तर उद्याच आण. परवा पक्ष लागतोय. पितरांच्या पंधरवड्यात घरात नवं काही यायचं नाही."

पाम गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत खुरपणीला मंगळी यायची. तिची कुत्री व्याली होती. ती म्हणाली, "बाय, बारका हाय अजून. महिन्याचा तरी होऊ दे." पण मला मुहूर्त गाठायचा होता. डोळे उघडून जेमतेम दहा दिवस झालेलं काळं पिल्लू मी पदरात घालून आणलं आणि त्याचं नाव मोती ठेवलं.

कुत्रं कसं वाढवतात ते मला ठाऊक नव्हतं. पोर कसं वाढवतात ते ठाऊक होतं. मग तेच केलं. खोबरेल तेलानं अंग चोळलं, ओव्याची धुरी दिली, मुरडशेंग उगाळून घुटी चाटवली. माळ्यावरून दमीचं लहानपणचं बोंडलं काढलं आणि म्हशीचं साईसकट दूध साखर घालून पाजलं.

"तीट राहिली," हे म्हणाले.

लावलीही असती, पण काळ्यावर दिसली नसती.

तिसऱ्या दिवशी पिल्लाला हागवण लागली. दुपारपर्यंत त्यानं मान टाकली. बोंडलं तोंडाशी नेलं की तोंड फिरवी. मी त्याला उचललं आणि चपला न घालताच मंगळीच्या झोपडीकडे पळाले.

मंगळीनं त्याला हुंगलं. "लोणचा घातलास का काय याचा?"

"अगं, पोटात काही ठरत नाही त्याच्या."

"म्हशीचा दूध कसा ठरल? आईनं चाटायचा जीव, तू तेल चोळतेस. कुत्र्याचा हाय बाय, माणसाचा नाय."

मंगळी साऱ्या जगाला अगं-तुगं करते. एरवी मला ते गोड लागतं, त्या दिवशी बोचलं.

"मग आता?"

"आईकडं ठेव. जगला तर तिथंच जगल."

"आणि मग माझ्याकडे येईल ना?"

तिनं खोटं सांगितलं नाही. "तू तीन दिवसांची. इसरला तर इसरला. मग राहील माझ्या दारात."

तिनं चुलीतल्या राखेनं त्याचं तेल पुसलं आणि कुत्रीपुढे ठेवलं. कुत्री हुंगून शिंकली आणि तिनं तोंड फिरवलं. मग तिनं पुन्हा हुंगलं आणि ती पायानं त्याला पोटाशी ओढून चाटायला लागली. मी तिथून निघाले.

त्यानंतर मंगळी वाडीत आली, की मी आधी तेच विचारी.

"प्याला?"

"प्याला."

"हागला?"

"बरा हागला."

ही आनंदाची बातमी मी जेवताना सांगितली, तेव्हा हे ताट घेऊन ओटीवर गेले.

"येऊन बघ ना एकदा," मंगळी म्हणायची. मी गेले नाही. त्यानं ओळखलं नाही तर मी केळींना काय तोंड दाखवू?

द्वादशीला सासूबाईंची तिथी होती. यांनी रजा काढली. मी खीर, वडे, अळूची भाजी केली. एक पान कावळ्याचं, एक गाईचं, एक कुत्र्याचं. कावळा लगेच शिवला. कुत्र्याचं पान आम्ही दरवर्षी कुंपणाशी ठेवतो, कुठलंतरी बेवारशी कुत्रं खाऊन जातं. यंदा ते उचललं, वर दुसरं पान झाकलं आणि निघाले.

"पान कुठे मिरवतेस?"

"कुत्र्याला द्यायला. ह्या वर्षी ओळखीचं आहे."

शेतात भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. बांधावरून पान सावरत मी मंगळीच्या झोपडीशी पोहोचले.

कुत्री पानावर तुटून पडली. खीर तिनंच संपवली, बरं झालं. पिल्लं अंगणात लोळत होती. त्यातलं काळं, चांगलं ढेरपोटं झालेलं, माझंच. मी हाक मारली, "मोती!"

कोणी वळूनही पाहिलं नाही.

"मोती कोण?" मंगळी म्हणाली. "सुकरवारी झाला, सुक्या हाय तो."

मी खाली बसले. पानावरच्या वरणभाताची चिमूट बोटांवर घेतली आणि हात पुढे केला. तो आला. आधी माझा अंगठा हुंगला, मग बोटं. भात खाल्ला आणि वर बोटाला चावलाही. सुईसारखे बारीक दात! मग मनगटाला लागलेलं माझ्या डोक्याचं खोबरेल चाटत चाटत मांडीवर चढला आणि निऱ्यांत तोंड खुपसून चक्क झोपला.

"दात आलं," मंगळी म्हणाली. "आता ने. चोळू नको फकस्त."

"पक्ष संपला की नेते," सवयीनं माझं तोंड बोललं. मग मी खाली बघितलं. मागच्या वेळी मी पंचांगाकडे बघितलं होतं, त्याच्याकडे नव्हतं.

"चल रे सुक्या," म्हटलं.

घरी पोचले तर हे ओटीवर उभे होते. त्यांनी आधी पदराकडे बघितलं, मग आत फोटोकडे. "पक्षात नवी वस्तू?"

"दुरुस्तीला गेलेली वस्तू परत आली, तर तुमच्या स्टोअरमध्ये नवी धरतात?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नाही. जुनीच धरतात."

मग त्यांनी कोपऱ्यात गोणपाट अंथरलं, दाराआडची काठी घेतली आणि शिडी लावून माळ्यावर चढले.

"ते बोंडलंही दे इकडे," वरून म्हणाले. "तेही ठेवून टाकतो."