बोलणारी गेली

"दाजी, पोरगीला मी आज घेऊन जातो. संध्याकाळच्या गाडीनं."

मेव्हणा दारातूनच बोलला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या त्यानं. नालबंद चुलीपुढं बसून ओलं लाकूड फुंकत होता. धूर डोळ्यांत गेला ते बरं झालं, नाहीतर डोळे कशानं भरले ते सांगावं लागलं असतं.

"किती दिवस?"

"तुमचं बस्तान बसेपर्यंत."

"म्हणजे कायमची."

"मग काय करू? बहीण तर गेली. तिची पोर तरी उपाशी झोपायला नको. परवा हिनं कच्चे दाणे खाऊन पाणी प्यायलं, शेजारीण सांगत होती."

"मला आवडतात कच्चे दाणे," कोपऱ्यातून मुंगी म्हणाली. सात वर्षांची होती. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे मुंगीच म्हणायचे.

मेव्हणा चपला काढून आत आला. माणूस वाईट नव्हता. त्याचं चुकत नव्हतं, हेच नालबंदाला जास्त लागलं.

"नदीपलीकडच्या गोठ्यावर आज माणसं घेणार आहेत," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांब."

"तीन ठिकाणी जाऊन आलात. गोदाम झालं, बर्फाचा कारखाना झाला, पेट्रोलपंप झाला."

"चौथं बघू दे."

बैलांची खुरं तासून त्यांना लोखंडी पत्री ठोकायची, हा त्याचा धंदा. बापाकडून आलेला. पण गावात आता बैल उरले होते पाच, त्यातले दोन म्हातारे. ट्रॅक्टरला काय ठोकणार? तरीही बायको होती तोवर कसंबसं चाललं. आठ-आठ गावं ती पुढं अन् तो मागं, असे फिरायचे. आळीत शिरली की तिचा आवाज चढायचा. गिऱ्हाईक ती आणायची, भाव ती करायची, बैलाच्या तोंडाची दोरी, म्होरकी, धरून त्याच्या कानात काहीबाही पुटपुटायची तीच. हा नुसता खाली मान घालून खूर हातात घ्यायचा. लोक त्याला मुका नालबंद म्हणायचे. त्यालाही ते बरं वाटायचं. आपली तारीफ आपणच करायची म्हणजे त्याला चारचौघांत उघडं झाल्यासारखं वाटे.

वाटेत शिंप्यानं त्याला हाक मारून थांबवलं. "हा शर्ट घाल. अन् कॉलरला घाम लावू नकोस, गिऱ्हाईकाचा आहे."

"बरं."

"आणि ऐक. नोकरी मागताना हातोडी-बितोडी पिशवीतच राहू दे. बैलांचं नावसुद्धा काढू नको, जुनाट समजतील. पडेल ते काम करीन म्हणायचं. नम्र माणूस सगळ्यांना आवडतो."

तिन्ही ठिकाणी त्यानं तेच तर सांगितलं होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

गोठा म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड होती. दोनशे गाई, खाली सिमेंट. मॅनेजरबाई पोरसवदा होत्या, पायात रबरी बूट. समोर पंचवीस-तीस माणसांची रांग.

"काय काम येतं?"

"पडेल ते करीन, बाई."

"दूध काढायचं मशीन चालवलंय?"

"शिकेन."

"ट्रॅक्टर?"

"शिकेन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, सकाळपासून सगळे हेच सांगतायत. पडेल ते काम माझ्याकडं नाही. नेमकं काम आहे. पुढचा."

तो बाहेर आला आणि फाटकाजवळच्या हौदावर बसला.  घरी जाऊन मुंगीचे दोन फ्रॉक पिशवीत भरायचे, एवढंच काम आता उरलं होतं.

फाटकावरचा वॉचमन त्याला न्याहाळत होता. "अरे, तू तो मुका नालबंद ना? माझी जोडी तुझ्याकडूनच ठोकून घ्यायचो. बायको कुठंय तुझी?"

"गेली. पेरणीच्या वेळेला. तापाचं निमित्त झालं."

वॉचमननं टोपी काढली. 

"लई बोलायची रे. एकदा माझ्याशी भांडली, म्हणाली बैलाचे पाय बघा, मग माझ्या नवऱ्याला नावं ठेवा." मग हळूच म्हणाला, "आता तुझ्यासाठी कोण बोलणार?"

नालबंद हौदातल्या पाण्याकडं बघत राहिला. मग उठला, रांग ओलांडली आणि थेट टेबलासमोर गेला. मागून शिव्या आल्या.

"काका, तुमचं झालंय."

"नाही झालं." आवाज चिरका निघाला. पण बायकोचे शब्द तोंडात आपोआप आले, तिच्याच चालीत. "ह्या हातात पाय दिला की जनावर हलत नाही! ह्या हातानं केलेलं खूर वाकडं पडलं, तर पुन्हा दारात उभं करू नका! लंगडं आणा, चालतं न्या!"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. "भाजी विकतोय काय रे?"

बाई हसल्या नाहीत. "खुरं करता तुम्ही? मग मघाशी का नाही बोललात?"

"बोलणारी वेगळी होती."

सिमेंटवर उभ्या राहून गाईंची खुरं वाढली होती. सोळा लंगडत होत्या. शहरातला खुरं तासणारा माणूस बोलावलं की आज येतो, उद्या येतो करायचा. बाईंनी त्याला एका काळ्या गाईपुढं उभं केलं. ती मागचा पाय टेकवत नव्हती.

त्यानं दोरानं पाय आडव्या वाशाला बांधला, पिशवीतून सुरा काढला. मग थांबला.

"डोकं धरायला माणूस लागतं, बाई. म्होरकी घट्ट धरायची, अन् तिच्याशी बोलायचं."

"काय बोलायचं?"

"काहीही. ती शब्द ऐकत नाही."

बाईंनी स्वतः म्होरकी धरली. गाईला त्या कालचा हिशेब चुकल्याचं सांगू लागल्या. नालबंदानं पापुद्रा पापुद्रा करत खूर तासलं. तळाशी काळा ठिपका दिसला. तिथं टोक लावताच घाण पू बाहेर आला. शर्टाच्या कॉलरवरही उडाला. गाईनं लांब श्वास सोडला, पाय खाली ठेवला आणि हळूहळू त्यावर भार दिला.

"चार दिवस या," बाई म्हणाल्या. "सोळाच्या सोळा करा. पुढचं मी आत्ता सांगू शकत नाही."

तो थांब्यावर पोचला तेव्हा गाडी लागलेली होती. मेव्हण्यानं मुंगीची पिशवी वर ठेवली होती. मुंगी पायरीवर एक पाय ठेवून मागं बघत होती.

"मिळालं," नालबंद धापा टाकत म्हणाला.

"किती दिवसांचं?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं, पण जीभ वळली नाही. "चार."

"चार दिवस! अन् पाचव्या दिवशी हिला काय घालणार, दाजी?"

कंडक्टरनं घंटी मारली. नालबंदानं मुंगीचा हात धरला. मघाशी एकदा तोंड उघडलं होतं, आता दुसऱ्यांदा उघडणं तेवढं जड गेलं नाही.

"दोनशे गाई आहेत. खुरं वाढतातच."

मेव्हण्यानं त्याच्याकडं बघितलं, त्या बरबटलेल्या कॉलरकडं बघितलं. मग एकटाच आत गेला, आणि गाडी हलता हलता मुंगीची पिशवी त्यानं खिडकीतून खाली दिली.