भाऊ नसल्याचा दाखला

“विलायतेतल्या लग्नाला मुहूर्त कुठल्या गावच्या सूर्याचा धरायचा, हे कुणी सांगायचं न्हाई. आणि चुकला की अय्या चुकला म्हणायचं,” गुरुपादय्या पंचांगात तोंड खुपसून पुटपुटले. ताक द्यायला वाकलेल्या सुंदरम्माच्या कानात ते नेमकं पडलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पत्र आल्यापासून ती हेच करत होती.

चाटी गल्लीतल्या आपल्या माडीवर आज तिनं एका बाजूला लग्न लावणारे जंगम, म्हणजे हे गुरुपादय्या, आणि दुसऱ्या बाजूला अण्णाराव वकील असे दोघे बसवले होते. एकानं देवाचं बघावं, एकानं सरकारचं. मधे नवरा, बसवराज. भिंतीला टेकून तिची आई नागव्वा.

सुंदरम्माची दाक्षायणी पाळण्यात होती तेव्हाच तिला शिवशरणच्या नावाचं कुंकू लागलं होतं. शिवशरण म्हणजे सुंदरम्माचा पाठचा सख्खा भाऊ. मामानं भाची करायची, यात त्यांच्यात कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते न केल्यावर. मामा शिकला, कापड गिरणीतला इंजिनियर होऊन इंग्लंडला गेला, आणि आता तिथून लिहीत होता : इथल्या कायद्याला मामा-भाचीचं लग्न चालत नाही, माझा नाइलाज आहे.

तेव्हापासून सगळं घर कायद्याच्या मागे लागलं होतं, जणू लग्न त्याच्याशीच लावायचं होतं.

“म्हणजे हितं चालतं आणि तितं न्हाई?” बसवराजांनी पुन्हा एकदा विचारलं.

“आपल्याकडं रिवाज आहे म्हणून कायदा डोळे मिटतो,” वकील म्हणाले. “तिकडं मामा म्हणजे बापाच्या जागी. चुलत बहीण मात्र चालते.”

“चुलत बहीण? शिव शिव!” अय्यांनी पंचांग मिटलं. “असल्या लोकांनी आपल्याला नाती शिकवायची?”

आतल्या खोलीत दाक्षायणी स्वेटर विणत बसली होती. एप्रिलमधलं सोलापूर, लोकर तळहाताला चिकटत होती. हात पदराला पुसायची, पुन्हा सुया धरायची. तिकडं थंडी लई असते म्हणून दोन वर्षांपूर्वी ती विणायला शिकली होती. मधे चांगली चांगली स्थळं ‘मुलगी दिलेली हाय’ म्हणून दारातून परत गेली. अलीकडं स्थळं येतही नव्हती.

“फेटा पाटावर ठेवून अक्षता टाकू,” अय्यांनी वाट काढली. “पूर्वी नवरा लढाईवर असला की तलवारीशी लावायचे की.”

सुंदरम्माचा चेहरा उजळला.

“लावा,” वकील म्हणाले. “पण मग पोरीनं संसारही फेट्याशीच करायचा. तिकडचं सरकार फेट्याला ओळखत नाही.”

“त्यापेक्षा चार दिवस तोच हिकडं येऊन...” बसवराज बोलता बोलता थांबले. सगळ्यांनी आपापल्या ताकात बघितलं.

गेल्या उन्हाळ्यात शिवशरण महिनाभर येऊन राहिला होता. आंबे खाल्ले, मित्रांचे माग बघून आला, नागव्वाच्या डोळ्यांना चष्मा करून दिला. लग्नाचं काढलं की ‘पुढच्या खेपेला बघू, अक्का.’ जाताना दाक्षायणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “शहाणी हो.” ज्याला नवरा व्हायचंय तो माणूस डोक्यावर हात ठेवत नाही, हे सुंदरम्माला तेव्हाच कळलं होतं. कळलेलं तिनं दुधाच्या पातेल्यासारखं झाकून ठेवलं.

“वकीलसाहेब,” ती एकदम म्हणाली, “शिवशरण माझा भाऊच न्हाई, असं मी लिहून दिलं तर?”

“म्हणजे?”

“भाऊ न्हाई म्हणजे मामा न्हाई. मामाच न्हाई म्हटल्यावर कायद्याचं अडलं कुटं?”

“अगं, गाव हसंल!” बसवराज म्हणाले.

“कागद विलायतेला जायचाय. गावाला कोण दाखवतंय?”

“दिवस आणीबाणीचे आहेत, वहिनी,” वकिलांनी आवाज खाली आणला. “मी असलं लिहून घेणार नाही. खोटं उघडकीला आलं तर आत जाल.”

“जाते की. पोरीला पोचवून जाते. तुमी लिहू नका, मी लिहिते. चौथी शिकलीय मी.”

तिनं फळीवरचं दाक्षायणीचं पेन घेतलं, कोरा कागद पाटावर ठेवला आणि वाकली. आतल्या सुयांचा आवाज थांबला. अक्षरं मोठी मोठी, एकेक धरून बसवल्यासारखी उमटत होती : मी सुंदरम्मा लिहून देते की शिवशरण माझा भाऊ... पुढचा शब्द दोन अक्षरांचा होता. तो काही येईना. ज्याला कडेवर घेऊन तिनं सिद्धेश्वराची जत्रा दाखवली, तो कडेवरून उतरायलाच तयार नव्हता. पेनातली शाई कागदावर जमून थेंब मोठा होत गेला.

“सुंदरे, ठेव ते खाली,” भिंतीकडून नागव्वा म्हणाली. पत्र आल्यापासून म्हातारी या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. “भाऊ तुझाच हाय. माझ्याच पोटचा हाय. कायद्याच्या नावानं कशाला खडे फोडता? त्याला आपली दाक्षा नको हाय.”