कडेचं तेवढं दिसतं

"डावीकडे घे. अजून. झाड सुटलं... आता सरळ. ये, ये, ये. बस्स!"

नोरीनने वॉकीटॉकी तोंडापासून दूर केला. चाळीस फुटांचं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं अख्खं घरच, वाळवंटातल्या कच्च्या वाटेवर सरळ येऊन उभं राहिलं. एवढ्या मोठ्या गाडीला काटेरी झाडांतून बाहेर काढायचं म्हणजे एरवी नवरा-बायकोत अर्धा तास खडाजंगी. या दोघांचं चार मिनिटांत आटोपलं.

शेजारचा डेल्बर्ट कॉफीचा मग घेऊन बघत होता. त्याचा ट्रेलर मागून उघडणारा होता. मागचा अर्धा भाग म्हणजे गॅरेजच, वाळूत पळवायच्या मोटार-बग्ग्या ठेवायला. गेल्या वर्षी बायको वारली तेव्हा त्याने बग्ग्या विकून टाकल्या. आता रोज मागचा मोठा दरवाजा आडवा पाडून तो त्या रिकाम्या गॅरेजात खुर्ची टाकून बसे.

"काय तयार केलंय गं नवऱ्याला!" तो म्हणाला. "माझीने मला असं मिनिटामिनिटाला सांगितलं असतं ना, तिसऱ्या दिवशी घटस्फोट."

"आमचाही व्हायचा होता," नोरीन म्हणाली. "पण घर कुणी घ्यायचं यावर अडलं. मला ते चालवता येत नाही आणि त्याला झाडता येत नाही."

डेल्बर्ट हसला. मग म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात भेटू. असलो तर."

"असशील रे," ती म्हणाली आणि घाईने पायरी चढून आत गेली. तिला तिथे जास्त वेळ उभं राहायचं नव्हतं. डेल्बर्ट रिकामटेकडा माणूस, आणि रिकामटेकड्यांना फार दिसतं.

तिचा नवरा एमेट स्टिअरिंगच्या चाकाशी बसला होता. वय चौऱ्याहत्तर. विजेच्या खांबांवर चढण्यात आयुष्य गेलेले हात अजून मजबूत होते. फेब्रुवारीत डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे, ती आता परत येत नाही, आणि गाडी चालवणं बंद. मग डॉक्टरने विचारलं होतं, "तुमच्याकडे गाडी कोण चालवतं?"

"मी," नोरीन म्हणाली होती. एमेटने मान खाली घातली होती.

लायसन्सला अजून तीन वर्षं होती. तोवर कुणी डोळे बघणार नव्हतं.

खोटं बोलायला तसं कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी नेब्रास्कातलं घर विकून त्यांनी हे घेतलं होतं. घेताना सलग अकरा दिवस विक्रेत्याच्या आवारात खेपा घातल्या. एमेट इंजिनाखाली झोपून बघायचा. नोरीन प्रत्येक गाडीत बूट काढून पलंगावर आडवी व्हायची, मग संडासात बसून दार लावायची आणि गुडघे दाराला टेकतात का ते बघायची. विक्रेता तोंड दाबून हसायचा. ह्या गाडीत गुडघे टेकले नाहीत. "हीच," ती आतून ओरडली होती. एमेट तेव्हा पुढच्या काचेसमोर बसून म्हणाला होता की एवढी मोठी खिडकी आपल्या घरालासुद्धा नव्हती.

आता दुसरं घर नव्हतं. मे लागला की ह्या वाळवंटात माणूस भाजून निघतो, इथे वीजही नाही, सगळे उत्तरेला डोंगरात पळतात. मुलीने ओमाहाहून तळघरातली खोली देऊ केली होती. "तळघरात मी मेल्यावर जाईन," एमेट म्हणाला होता. राहता राहिली नोरीन. तिने हे धूड एकदाच चालवलं होतं, पहिल्याच वर्षी, आणि पेट्रोलपंपाच्या छताची कड फाडून ठेवली होती. एमेटने चारचौघांत तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. त्यानंतर तिने कधी मागितली नाही, त्याने कधी दिली नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. भीती होती, ती एका फटक्यात गेली.

"निघायचं?" एमेटने विचारलं.

"निघ. रस्ता मोकळा आहे."

तीनशे ऐंशी मैल जायचं होतं. एकदाच, मग ऑक्टोबरपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं होतं. मागच्या खेपेलाही असंच ठरलं होतं.

नोरीन उजव्या खुर्चीत पुढे सरकून बसली आणि बोलत राहिली. "ट्रक येतोय. आहेस तिथेच राहा... गेला. पुढे वळण, उजवं, हलकं. फिरव. अजून. सोड." एमेट तिच्या आवाजावर चालवत होता. फार उजवीकडे गेलं की चाकं रस्त्याच्या कडेला कोरलेल्या खाचांवर जाऊन घरघरत. त्या खाचा डुलकी लागलेल्या ड्रायव्हरांसाठी असतात. एमेटला त्या फार उपयोगी पडत. मागे जोडलेली छोटी गाडी निमूटपणे ओढली जात होती.

दोन तास झाले. नोरीनचा घसा कोरडा पडला.

"जरा पाणी पी," एमेट म्हणाला. "रस्ता सरळ लागतोय मला."

"सरळच आहे." ती पाणी प्यायली, मग तिने संत्रं सोललं. डाव्या हाताला कुणाची पाचसहा पत्र्याची घरं आणि टपालपेट्यांची रांग येत होती. पुढेमागे चिटपाखरू नव्हतं. तिने एमेटकडे वळून एक फोड त्याच्या तळहातावर ठेवली.

समोर बघितलं तेव्हा तपकिरी काहीतरी डावीकडून पळत रस्त्याच्या मधोमध आलं होतं. त्याने मान वर केली. तिने तोंड उघडलं.

धक्का मोठा नव्हता. कपाटातले कप किणकिणले आणि थांबले.

"काय होतं?"

"टायर," नोरीन म्हणाली. "ट्रकचा फाटका टायर. पडला होता रस्त्यात."

"मोठा होता."

"हो."

एमेटने वेग कमी केला नाही. फांदी घासली तरी उतरून रंगावरून बोट फिरवणारा माणूस, पण त्याने थांबू का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. संत्र्याची फोड त्याच्या हातातच होती. थोड्या वेळाने त्याने ती गिअरच्या दांड्याजवळच्या खळग्यात ठेवून दिली.

ती पुन्हा बोलू लागली. "ट्रक. राहा तिथेच. गेला." आवाज तोच होता, शब्द तेच होते. "चढ आहे. पाय दे." तिला आरशात बघायचं नव्हतं, म्हणून तिने बघितलं नाही. एक मैल. चार मैल. तिला त्या वर केलेल्या मानेवरचा चेहरा दिसत होता. घाबरलेला नव्हता तो. कुणीतरी ओळखीचं आलंय का हे बघावं, तसं बघितलं होतं त्याने.

अकराव्या मैलाला तिचा आवाज गेला. तिने ठरवलं नव्हतं. ओठ हलले आणि घशातून काही आलंच नाही.

"पुढे?" एमेट म्हणाला.



"नोरीन, पुढे काय आहे?" त्याने पुन्हा विचारलं.

त्याने पेडलवरचा पाय काढला. "नोरीन! ए बाई! बरी आहेस ना?" त्याचा उजवा हात चाचपडत तिच्या खुर्चीकडे आला, तिचा खांदा लागला, मान लागली, गाल लागला. गाल ओला होता. त्याने हात परत चाकावर घेतला आणि गाडी हळूहळू उजवीकडे झुकवली. खाचांची घरघर झाली, मग खडीची करकर. अशा तऱ्हेने ते घर रस्त्याच्या कडेला थांबलं.

"मला वाटलं गेलीस," तो म्हणाला.

नोरीनला आता आवाज आला. "टायर नव्हता तो."

"माहीत आहे मला."

"कुत्रा होता, एमेट. मी तुझ्या हातात ते मेलं संत्रं ठेवत होते."

"माहीत आहे म्हटलं ना. टायरचा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

"मग थांबला का नाहीस?"

"तू का टायर म्हणालीस?"

तिने नाक पुसलं. "कुत्रा म्हणाले असते तर तू परत चाकाला हात लावला नसतास. मग आपण राहणार कुठे?"

एमेटने समोरच्या काचेकडे तोंड केलं. तिथे त्याला काय दिसत होतं कोण जाणे.

"मी थांबलो असतो तर तू परत ह्या खुर्चीत बसली नसतीस," तो म्हणाला. "म्हणून." मग म्हणाला, "तिथे एक बाई होती."

"कुठे?"

"माझ्या बाजूला. टपालपेट्यांपाशी. मधलं दिसत नाही मला, पण कडेचं तेवढं दिसतं. निळा सदरा, पांढरे केस. हातात कुत्र्याचा पट्टा होता. दुसरा हात तिने वर केला होता, आपल्यासाठी. थांबा म्हणून."

नोरीनने बाई बघितलीच नव्हती.

"लागलं का तिला?" तिने अगदी हळू विचारलं.

"नाही. ती कडेला होती. आपण पुढे गेलो तरी उभीच होती."

"आणि कुत्र्यामागे धावली असती तर?"

"मग मधे आली असती."

पुढचं दोघांनाही कळलं. मधे आलेली बाई त्याला दिसली नसती, आणि जिला दिसायची ती संत्र्याच्या फोडीकडे बघत होती. कप किणकिणले असते. ती टायर म्हणाली असती का, हे नोरीनने स्वतःला विचारून बघितलं. उत्तर आलं तेव्हा तिला ओकारी आली. ती दार उघडून पायरीवर बसली आणि खडीत ओकली.

परत आली तेव्हा एमेट तसाच बसला होता.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"तुला कुठे चालवता येतं हे?"

"नाही येत. तुलाही येत नाही."

त्याने किल्ली काढली. तिच्या हाताच्या जरा बाजूला धरली. तिने ती घेतली आणि पँटच्या खिशात खोल टाकली. नऊ वर्षांचं घर आता जिथे उभं होतं तिथेच उभं राहणार होतं. कुणीतरी येऊन ओढून नेईल, नाहीतर विकून टाकावं लागेल. मुलीला फोन करावा लागेल. तळघराला एकच खिडकी आहे, तीही वर छताजवळ, हे तिला आठवलं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि ती रडली. एमेटने तिला गप्प केलं नाही.

मग तिने मागची छोटी गाडी सोडवली आणि मुद्दाम मोटारहोमच्या नाकासमोर न्यायच्या ऐवजी उलट्या तोंडाने, आलेल्या दिशेला वळवून उभी केली. एमेट दारात उभा होता.

"जाऊन ये तू," तो म्हणाला. "मी घर सांभाळतो. मी तिथे येऊन काय करू? काय दिसणार मला?"

नोरीनने छोट्या गाडीचं पलीकडचं दार उघडून धरलं.

"ती बाई मी नाही पाहिली, एमेट," ती म्हणाली. "तू पाहिलीस. ओळखायला तूच हवास."

तो पायऱ्या मोजत खाली उतरला.