दमट हवेतली जाळी

"ती शिखरं नमुन्यातल्या मळाची आहेत. काढून टाक तो आलेख," विद्याधर सर म्हणाले.

"मळ नाहीये, सर. पदार्थच हलतोय," कल्पिता म्हणाली.

अंधेरीतल्या कॉलेजची प्रयोगशाळा. पडद्यावर क्ष-किरणांनी टिपलेले दोन आलेख, पावडर एकच. धातूचे सांधे, त्यांना जोडणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या दांड्या, मधे पोकळ्या: अशी ती जाळी. ती ताठ आहे, कधीच हलत नाही, असं सर आधीच छापून मोकळे झाले होते. त्याच लेखावर बढती घेतली होती. ते नमुना ओव्हनमधून काढून कोरडाच थेट मशीनवर ठेवायचे. कल्पिताचा नमुना एकदा जेवणाच्या सुट्टीत उघडा राहिला, दमट हवा प्यायला, आणि शिखरांनी जागा सोडल्या.

"प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नकोस."

शास्त्रात म्हणे सत्य सगळ्यात वर असतं. झूठ. वर गाईडची सही असते.

शेजारच्या टेबलावरच्या सुशांतने तिला बाहेर गाठलं. "यार, एक आलेख तर आहे. तो गाळून टाक आणि सुट. पवईची कंपनी नोकरी द्यायला तुझ्या डिग्रीसाठी थांबलीय ना?"

"आणि उद्या कुणी हाच पदार्थ बनवला, उघडा ठेवला, तर त्याची पण वाट लावू?"

"एवढी कसली भांडतेस? गोराईच्या मासळी बाजारात बसलीयस का?"

"बसले असते तरी शिळी मासळी ताजी म्हणून दिली नसती तुला."

दुपारी तिने सरांना मशीनपाशी बोलावलं. नमुना बंदिस्त कप्प्यात होता. तिने कोरडा नायट्रोजन सोडला, शिखरं सरकली. मग ओलसर हवा सोडली. शिखरं परत आली. पुन्हा कोरडा, पुन्हा ओलसर.

"मळ असा येत-जात राहत नाही, सर. आमच्या बाबांचं जाळं वाळत टाकलं की भोकं मिटतात, पाण्यात सोडलं की उघडतात. जाळं तेच असतं."

सर पडद्याजवळ गेले, शिखरांच्या जागा बोटाने मोजल्या. त्यांना कळलं होतं.

"माझा लेख चुकला, असं लिहिणार तू?"

"अर्धा बरोबर आहे, असं लिहीन. कोरड्यात तुमचंच खरं."

"मग दुसरा गाईड बघ."

"बघते."

सर गेले. सुशांत धावत आला. "वेडी आहेस काय गं? नवीन गाईड म्हणजे सगळं पहिल्यापासून! आणि ती नोकरी?"

"ती गेली."

एवढं बोलून तिने कप्पा उघडला. पावडर खरवडून बाटलीत भरली, झाकण घट्ट लावलं. कापसावर ॲसिटोन घेऊन नमुना ठेवायची खाच कोपऱ्यांसकट पुसली, उजेडात धरून पाहिली, एक कण दिसला म्हणून पुन्हा पुसली. दारात ज्युनिअर निधी आपला नमुना घेऊन ताटकळत उभी होती.

"ये गं," कल्पिता म्हणाली, "मशीन मोकळं आहे."