संशयी रक्तदाबमापक

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. लोखंडी पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला बांधायचा पट्टा आणि दाबायला रबरी फुगा. स्वभावाने मी पक्का संशयी, हे आधीच सांगून ठेवतो. कारखान्यात मला पुन्हापुन्हा तपासलं होतं, तिथूनच हा गुण लागला असावा.

सदाशिव पेठेत डॉक्टर सरोजिनीबाईंच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. 'मीठ अगदी कमी खातो हो' म्हणणाऱ्याचा दंड आवळला, की खरं काय ते पारा सांगायचा. बाई म्हणायच्या, "माणसं थापा मारतात, हा नाही मारत." मला फार बरं वाटायचं.

कसबा पेठेतल्या सुगराबी गुडघ्यांसाठी यायच्या. नमाजाला खाली बसता येईना म्हणून डोळ्यांत पाणी आणायच्या. एकदा मात्र तरातरा जिना चढून आल्या. चेहरा गोल, गाल गुबगुबीत! सोबतच्या शेजारीणबाई, मुक्ताबाई, कौतुकाने म्हणाल्या, "बघा, कशी तब्येत सुधारलीय!"

मला काही ते पटेना. पारा भलताच वर चढला होता आणि पट्टा सोडला तर दंडावर काळंनिळं झालेलं.

"दुसरं काही औषध घेता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो! तुमच्याच गोळ्या."

मी लोणच्यावर संशय घेतला, पापडावर घेतला, माझ्याच रबरी नळीवरही घेतला. उत्तर सापडेना.

मग रमजान आला. थोड्याच दिवसांत सुगराबींचे यजमान रहीमभाई त्यांना रिक्षातून घेऊन आले. ओकाऱ्या होत होत्या, अंगात त्राण नव्हतं. पट्टा बांधला तर पारा इतका खाली, की मी घाबरलोच. सुगराबी हातच्या जातायत की काय!

"रोजा झेपला नाही तिला," रहीमभाई म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या गोल चेहऱ्याकडे. "रोजे तर दरवर्षी धरतात. या वेळी खाण्यापिण्याशिवाय आणखी काय बंद केलं?"

"काही नाही. मुक्ताबाईंनी दिलेली पुडी तेवढी. गुडघे बरे झालेत, आता रोज्यात कशाला, म्हणाली. पण ते औषध नाही हो, झाडपाला आहे!"

हात्तिच्या! पुडीला त्या औषध समजतच नव्हत्या, म्हणून बोलल्या नव्हत्या. पुडीत काय असावं ते बाईंनी ओळखलं आणि तडक इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. पारा हळूहळू वर सरकू लागला तेव्हा रहीमभाई ढसाढसा रडले.

पुडी तपासायला पाठवली. बाजारातल्या कुठल्याशा विक्रेत्याने झाडपाल्यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. त्या गोळ्यांनी दुखणं झाकलं जातं, पण चेहरा गोल होतो, रक्तदाब चढतो, जरा दाबलं तरी काळंनिळं होतं; शरीराला त्यांची सवय लागते आणि एकदम थांबवलं की माणूस कोसळतो.

हे ऐकून मुक्ताबाई आपली पुडी गटारात फेकायला निघाल्या. त्याही घेत होत्या ना! बाई ओरडल्या, "अहो, थांबा! एकदम बंद केलंत तर तुम्हीही अशाच आडव्या व्हाल." मुक्ताबाई तशाच मागे फिरल्या आणि त्यांनी दंड पुढे केला.

दोघींचं ते औषध बाईंनी हळूहळू कमी करत सोडवलं. पुढे बॅटरीचं मशीन आलं आणि मी कपाटात गेलो. तिथूनही माझा संशय सुटत नाही. मित्रांनो, घरातली मोठी माणसं पुडी, चूर्ण, काढा, टॉनिक, काहीही घेत असतील, तर ते डॉक्टरांसमोर ठेवायला लावा. झटपट चमत्कार करणाऱ्या पुडीवर तर संशय घ्याच.

सुगराबींचे गुडघे पुन्हा दुखतात. खुर्चीवर बसून नमाज पढावा लागतो म्हणून त्या बाईंपाशी कुरकुरतात. कुरकुरू देत. कपाटात तो आवाज आला, की माझा जीव भांड्यात पडतो.